एकाच अल्बमचा बँड
जुन्या पुठ्ठ्याचा दमट वास आला की टोकियोतलं ते तळघरातलं रेकॉर्डचं दुकान आठवतं. मी तिकडे कामानिमित्त, आणि पुण्यात माझा धाकटा भाऊ अपघातानंतर बेशुद्ध होता. त्याच्या आवडीचं काही ऐकवा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचा जीव एका इंग्लिश बँडवर, एकच अल्बम काढून दोन वर्षांत फुटलेल्या. इंटरनेटवर तो नव्हता. दिवसभर दुकानं पालथी घातल्यावर त्या तळघरातल्या म्हाताऱ्या मालकांकडे सापडला. "विकायचा नाही," ते म्हणाले. मी रडतच सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी रेकॉर्ड लावली. मी फोन स्पीकरपाशी धरला, तिकडे आईने आपला फोन भावाच्या कानाशी. "आई, हलला का गं?" "नाही. पुन्हा लाव." चार वेळा लावली. दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. आता तो अल्बम नव्याने निघालाय, ऑफिसातली मुलं कौतुकाने ऐकतात. मला मात्र अजून ऐकवत नाही.