गोल न पाहणारी बाई

पांढरकवड्याच्या मैदानावर पोरींच्या हॉकीची निवड होती. निवडायला आलेल्या बाईचं नाव मले अजूनही ठाऊक नाही. तिची पेन्सिल कानामागंच खोचलेली होती. माझ्या नातीनं गोल मारला, तेव्हा ती भलत्याच पोरीकडे पाहून राह्यली होती.

मी दोन इयत्ता शिकलो, पण गप्प बसणारा नाही. तिच्यापाशी जाऊन म्हटलं, "मॅडम, गोल तिकडं झाला. तुम्ही कुठं पाहून राह्यल्या?"

तिनं मले खुर्ची दिली. "आजोबा, गोल सगळ्यांनाच दिसतो. चेंडू हातचा गेल्यावर पोरगी काय करते, ते मी बघते."

मी बसलो. जन्मभर बैल पारखले. दात सारेच पाहतात, मी चिखलात फसलेला बैल कसा उठते ते पाहत होतो. वाटे, ही अक्कल माझ्या एकट्याचीच.

तेवढ्यात नातीचा चेंडू हिसकावला गेला. सकाळी मीच तिले बजावलं होतं, "मागं पळू नको, पुढंच थांब, गोल मार." पोरीनं ऐकलं नाही. पार मागपर्यंत धावली अन् चेंडू परत घेऊन आली.

बाईनं कानामागची पेन्सिल काढली. घरातल्या कोणी माझं ऐकलं नाही, याचा मले पहिल्यांदाच आनंद झाला.