लेगगार्डची गोणी

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वेल्ह्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडखाली तो पंक्चर काढायचा आणि गाड्याही बघायचा. मी उत्रोलीहून रोज त्याच रस्त्यानं शाळेत जायचो. माझ्या जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर पाईप इंजिनाजवळ तापून निळा पडला होता आणि चढाला गाडी दम सोडायची. भोरच्या दोन मेकॅनिकांनी कार्बोरेटर खोलून साफ केला होता. तिसरा आता इंजिन उतरवायचं म्हणत होता.

शेवटी गाडी या पंक्चरवाल्याकडे आणली. यानं पान्याला हातही लावला नाही. पंक्चरच्या घमेल्यात बोटं बुडवून पाईपवर शिंतोडे उडवले आणि मान तिरकी करून ती चुरचुर ऐकली. मग गाडीसमोर उकिडवा बसून नुसता बघत राहिला. मला वैताग आला.

"ही कवा बांदली?" त्यानं विचारलं.

भातलावणीत ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडतात. पँट खराब होऊ नये म्हणून मी लेगगार्डला खताची रिकामी गोणी बांधली होती. आमच्याकडे सगळेच बांधतात. लावणी संपून महिना झाला, तरी ती तशीच होती.

"इंजिनाला वाराच लागंना, गुरुजी. कार्बोरेटर काय करंल?" त्यानं सुतळी कापली, गोणी झटकली, नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं हनुवटीनं मागं दाखवलं. भिंतीला एक गाडी टेकवली होती. तिचं इंजिन काढलेलं होतं आणि लेगगार्डला गोणी अजून बांधलेलीच होती.

"माजीच हाय," तो म्हणाला.