हवालदाराने परत केलेल्या आठ गोळ्या

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. माथेरानला घोडा चालवून बावीस वर्षं झाली. तिथे प्रत्येक पॉइंटवर कुणाला ना कुणाला काहीतरी 'दिसलेलं' असतं. मला फक्त गिऱ्हाईकं दिसली, तीही भाव करणारी. तरी हे लिहायला चार वर्षं लागली, कारण यात भुतापेक्षा मीच जास्त वाईट वागलोय.

आमचं घर नेरळजवळ, डोंगराच्या पायथ्याला. पावसाळ्यात धंदा नसतो म्हणून घोडा खाली घरीच आणतो. त्याचं नाव हवालदार... वाटेत कुणालाही अडवतो म्हणून.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी बायको, मंदा, तापाने फणफणली. मी आल्याचा काढा पाजत तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी तिला धाप लागली, बेडका गंजाच्या रंगाचा पडायला लागला, श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ. कर्जतच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. फुफ्फुसाचा खालचा भाग पांढराफटक.

"न्यूमोनिया. जंतूंचा. ॲडमिट करा, आत्ता."

चार दिवस सलाईन, इंजेक्शनं, ऑक्सिजन. घरी सोडताना सात दिवसांच्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टर मला म्हणाले, "ताप उतरला म्हणजे जंतू मेले असं समजू नका. उरलेल्या गोळ्या उरलेल्या जंतूंसाठी आहेत. एकही चुकवायची नाही."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

तीन दिवसांत मंदा उठून भाकऱ्या थापायला लागली. आणि तेव्हाच हवालदार खोकायला लागला. दिवाळीचा सीझन तोंडावर, आणि खोकणाऱ्या घोड्यावर कोण बसतं? आमच्या घरात रीत अशी, की उरलेलं औषध बिस्किटाच्या डब्यात ठेवायचं आणि पुढे जो खोकेल त्याला द्यायचं. यावेळी घोडा खोकला, एवढंच. फरक इतकाच, की गोळ्या उरलेल्या नव्हत्या... मी उरवल्या. मंदाला सांगितलं, "डॉक्टरांचा फोन आला होता, आता बंद करा म्हणाले."

संध्याकाळी आठही गोळ्या गुळात वळून हवालदाराला चारल्या. सकाळी बघतो तर त्याच्या चाऱ्याच्या टोपल्याशेजारी आठच्या आठ गोळ्या, गूळ चाटूनपुसून, एका ओळीत! जशी स्टँडवर आमची घोडी उभी असतात तशी. म्हटलं, जनावर हुशार असतं, ओठाने निवडलं असेल. त्या संध्याकाळी त्याच गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, पार पीठ केलं, भाकरीत मळून घातल्या. त्याने सगळं खाल्लं, माझा हातसुद्धा चाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदा झाडत होती.

"अहो... ह्या गोळ्या हितं कशा?"

उंबऱ्यावर आठ गोळ्या. अख्ख्या. एका ओळीत. हवालदार मागच्या अंगणात बांधलेला, गाठ जशीच्या तशी.

"खिशातून पडल्या असतील," मी म्हटलं. आणि त्या घाईघाईने गोळा केल्या.

दुपारी तिला हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत ओठ निळसर. रिक्षात ती माझ्या खांद्यावर मान टाकून होती आणि माझ्या मुठीत त्या आठ गोळ्या. डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"घोड्याचा एक्स-रे काढला होता का?"

"नाही, साहेब."

"मग त्याचं औषध तुम्हीच ठरवलंत. आणि हिचंही."

पुन्हा एक्स-रे, औषध बदललं, सहा दिवस दवाखाना. ते सहा दिवस मी बाकड्यावर बसून तिच्या खोकल्याचा आवाज ऐकत होतो, आणि तो थांबला की जास्त घाबरत होतो. वाचली. हवालदारालाही जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं. म्हणाले, "गवताच्या धुळीनं खोकतंय. भिजवून घाल." दोन दिवसांत बरा!

कुटलेल्या गोळ्या अख्ख्या कशा झाल्या, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मंदाला तर मी काहीच सांगितलं नव्हतं. इथवर लिहिलं आणि काल तिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"झालं वाचून?"

"हो."

"मला ठाऊक व्हतं."

"कसं?"

"दवाखान्यातनं आल्यावर खलबत्त्यात पयली चटनी कुटली, ती कडूजार. त्या गोळीची चव मी इसरेन व्हय?"

"मग चार वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी कवा बोलताय ते बगत व्हते."

मला एकदम सुचलं. "म्हणजे उंबऱ्यावर गोळ्या तूच..."

"मी कुठनं आनू? तुमी तर कुटल्या व्हत्या."

तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. तिथे हवालदार आमच्याकडेच बघत उभा होता.

"त्याला इचारा की," ती म्हणाली. "तुमच्यापरीस लवकर सांगंल."