चौदाव्या पानावरच्या अकरा ओळी

पुढेबाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, लेखक लोक बोलता बोलता रडतात का. अजून तरी कुणी रडलं नाही, असं मी सांगितलं. मग ठीक, त्या म्हणाल्या. रडणं टाइप करायला फार वेळ जातो.

मी लेखकांच्या मुलाखतींचं पुस्तक करत होते. एम.ए. झालं होतं, नोकरी लागायची होती, आणि बारा लेखकांना त्यांच्या लिहिण्याच्या आयुष्याबद्दल बोलतं करायचं असं मी आणि माझ्या गाईडबाईंनी ठरवलं होतं. मी फोनवर रेकॉर्ड करून आणायची; ते उतरवून काढायला कुणीतरी हवं होतं. पुढेबाईंनी एकतीस वर्षं कोर्टात साक्षीदारांचे जबाब टाइप केले होते. एक वाक्य टाइप झालं की कागदावरून मान न उचलता त्या म्हणायच्या, "पुढे." वकील, शिपाई, खुद्द न्यायाधीश, सगळे त्यांना पुढेबाईच म्हणत. निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेल्या घड्याळावरसुद्धा तेच कोरलेलं होतं, आणि खरं नाव कोरायचं राहिलं याचं त्यांना काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची नणंद राहायच्या. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. कॉम्प्युटरवर उशीचा जुना अभ्रा. कानाला टोचतात म्हणून नणंदेने हेडफोनला कापसाच्या गाद्या शिवून दिलेल्या. टेबलाखाली शिलाई मशीनसारखं पायाने दाबायचं एक बटण होतं; दाबलं की आवाज थांबे. "आमच्या वहिनीसमोर शिंकूसुद्धा नये," नणंद म्हणायच्या. "तारीख घालून लिहून ठेवेल."

ते खरंच होतं. पुढेबाई सगळं लिहायच्या. कुणी हसलं तर (हसतात). कुणी थांबलं तर (गप्प, चार सेकंद). माझे प्रश्न बऱ्याचदा माझ्या तोंडातच विरघळून जायचे, तिथे त्या (प्रश्न ऐकू आला नाही) असं घालायच्या आणि भेटले की मला झापायच्या. आणि त्यांचा एक हट्ट होता. मजकूर तयार झाला की त्या स्वतः लेखकाच्या घरी येणार, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवणार आणि प्रत्येक पानाखाली सही घेणार. शेवटच्या पानावर कोर्टातलंच वाक्य: वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

मला आधी हसू आलं होतं. हा काही खटला नव्हे, असं मी सुचवून पाहिलं. पण लेखकांना ते आवडायला लागलं. एका कवीने आपलेच 'म्हणजे' ऐकून कानाला खडा लावला. मुलांसाठी लिहिणाऱ्या एका आजोबांना आपली नऊ सेकंदांची शांतता इतकी आवडली की ते म्हणाले, दहा करता येतील का. पुढेबाईंनी नकार दिला.

सातवे लेखक कादंबरीकार. त्यांनी आयुष्यभर मालगाड्यांच्या धक्क्याजवळच्या वजनकाट्यावर कारकुनी केली. ट्रक काट्यावर चढायचा, वजन पडायचं, पावती फाडायची, आणि पुढचा ट्रक येईपर्यंत ते लिहायचे. अशा फटींमधून तीन कादंबऱ्या झाल्या. मग निवृत्ती आली, घरी टेबलखुर्ची असलेली स्वतंत्र खोली मिळाली, आणि बारा वर्षांत एक ओळ नाही. का, हे त्यांना प्रत्येक जण विचारी. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: विहिरीचं पाणी आटलं की बादलीला बोल लावू नये. हे उत्तर मी चार जुन्या मुलाखतींत वाचलं होतं. मंगळवारी सकाळी मी समोर बसून विचारलं, तेव्हा मलाही तेच मिळालं.

पुढेबाईंनी बावीस पानं पाठवली. चौदाव्या पानावर हे होतं:

(प्रश्न ऐकू आला नाही.)

"खरं सांगू का? पाणीबिणी काही आटलं नाही. काट्यावर होतो तेव्हा ट्रक, हमाल, शिव्या, सगळं कानांवर आदळायचं, आणि त्या गोंगाटात मला माझं ऐकू यायचं. घरी आलो तर हिने घर गप्प करून ठेवलंय. चपला काढून चालते. घड्याळसुद्धा बाहेर नेऊन लावलं. मी टेबलाशी बसलो की ही पलीकडे श्वास धरून बसते. कसं लिहिणार? आणि हिला सांगणार तरी कसं? बारा वर्षं माझ्यासाठी एक भांडं वाजू दिलं नाही तिने. (गप्प, सहा सेकंद.) आता नाही सांगवत."

अकरा ओळी. आधीच्या सहा लेखकांपैकी कुणीही इतकं खरं काही बोललं नव्हतं. मला ते आठवत मात्र नव्हतं. मी समोर होते, तरी आठवत नव्हतं. पुढचा प्रश्न कागदावर शोधत असेन, माझं हे नेहमीचंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. फोन भरला होता, मजकूर हातात आला होता. रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

रविवारी आम्ही दोघी त्यांच्याकडे वाचायला गेलो. त्यांच्या पत्नीने दार इतकं हळू उघडलं की मला वाटलं आत कुणी आजारी आहे. मी त्यांना काकू म्हणत असे. त्या खरोखरच अनवाणी होत्या. पुढेबाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशा एका सुरात. कादंबरीकार डोळे मिटून ऐकत होते. तेराव्या पानापर्यंत सह्या झाल्या. चौदावं पान सुरू झालं तेव्हा काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या.

पुढेबाई मध्ये थांबल्या नाहीत. सहा सेकंदसुद्धा त्यांनी वाचले.

कादंबरीकारांनी डोळे उघडले. काकूंकडे पाहिलं नाही. "हे मी बोललेलो नाही," ते म्हणाले.

"साहेब, मी पदरचं अक्षर घालत नाही."

"मग तुमच्या कानांनी घातलं असेल."

पुढेबाई माझ्याकडे वळल्या. "तू समोर होतीस ना गं?"

मी जे खरं होतं तेच बोलले. म्हटलं, मला आठवत नाही. काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. चार कपबशा होत्या, एकही वाजली नाही. उरलेल्या आठ पानांवर कादंबरीकारांनी सही केली. चौदावं कोरं राहिलं.

बसस्टॉपवर पुढेबाईंनी रेकॉर्डिंग मागितलं. ते पुसलंय हे मला सांगावं लागलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि बस आल्यावर माझ्या आधी चढून पुढे जाऊन बसल्या.

त्या आठवड्यात त्यांनी आठव्या लेखिकेचं काम न करताच परत पाठवलं. नणंदेचा मला फोन आला. वहिनी दिवसभर बातम्या लावून बसते, त्या म्हणाल्या, आणि दर दोन मिनिटांनी मला विचारते, आता तो काय म्हणाला. मी सांगते. मग म्हणते, मलाही तेच ऐकू आलं. "मला आता सगळ्या देशांचे पंतप्रधान पाठ झालेत," नणंद म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

मी गेले. कानांच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं, आणि त्याचीच पुढेबाईंनी धास्ती घेतली होती. कान बिघडले असते तर दोष कानांचा होता. कान चांगले आहेत, माणूस म्हणतो मी बोललो नाही, समोर बसलेल्या मुलीला आठवत नाही. मग त्या अकरा ओळी आल्या कुठून? कॉम्प्युटरवरच्या अभ्र्याचा कोपरा त्या चुरगळत बसल्या होत्या.

"माझ्या कागदांवर माणसं आत गेलीत, पोरी," त्या म्हणाल्या. "सुटलीही आहेत. मला अकरा ओळी सुचू शकतात, तर एकतीस वर्षांत किती सुचल्या असतील?"

मी म्हटलं, असं काही नसतं. पण मला तरी काय माहीत होतं. चाळीस तास लेखकांचं बोलणं कानांत ओतून घेतल्यावर एखाद्या बाईला लिहिण्याची लागण होत नसेल कशावरून? घरी जाताना मी त्या ओळी मनात पुन्हा म्हटल्या. त्या पुढेबाईंनीच रचल्या असत्या तर मला एका परीने आनंदच झाला असता, आणि या विचाराची मला इतकी लाज वाटली की मी दोन स्टॉप आधीच उतरले. त्या लेखिका ठरल्या असत्या, पण एकतीस वर्षांचे जबाब खोटे ठरले असते.

कादंबरीकारांकडून मी जुन्या कात्रणांचा एक पत्र्याचा डबा नेला होता. पंधरा दिवसांनी तो परत द्यायला गेले. दार उघडायच्या आधीच आतून रेडिओ ऐकू आला. काकूंच्या पायांत चपला होत्या. बाहेरच्या बोळातलं घड्याळ खोलीत परत गेलेलं होतं. भिंतीवर जिथून ते काढलं तिथे एक फिकट गोल राहिला होता. डबा कपाटावर ठेवायचा होता. काकूंनी स्टूल ओढलं. फरशीवर ते असं किंचाळलं की माझ्या दातांत कळ गेली.

आणि तेव्हा मला आठवलं. त्या मंगळवारी हेच स्टूल आम्ही दोघींनी उचलून नेलं होतं, ओढलं नव्हतं. काकूंनी मला खुणेने आत बोलावलं होतं, डबा काढायला. त्यांचा खांदा दुखत होता. माझा फोन बाहेर टेबलावर तसाच रेकॉर्ड करत राहिला होता.

मी ते काकूंना सांगितलं, बरंचसं अडखळत. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. मंगळवारी अकराला त्यांच्या दिरांचा फोन असतो, त्या म्हणाल्या. घंटा बंदच करून ठेवलेली असते, मीच करते. मनातलं बोलायला ह्यांना तो एकच भाऊ आहे.

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"परक्या बाईसमोर नवऱ्याला खोटं पाडू?" त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं; ठेवलं म्हणजे, वरून सोडलं. "आणि मला वेळ लागला गं. बारा वर्षं मी काय करत होते तेच कळेना. अजून कळत नाही. आता हे वाजवते, तेही मुद्दाम केल्यासारखं वाटतं."

कादंबरीकार आत होते. लिहीत होते का, ते काकू बघत नव्हत्या. त्या ओळी पुस्तकात घेऊ का, असं मी विचारलं. ते तुझं तू बघ, त्या म्हणाल्या, आणि मग दारापर्यंत माझ्यामागे आल्या. "त्या बाईंना सांग, त्यांचे कान शाबूत आहेत."

मी तडक पुढेबाईंकडे गेले. धापा टाकत सगळं सांगितलं. नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. पुढेबाई जराही हलल्या नाहीत.

"तू नक्की आत होतीस?"

"हो."

"किती वेळ?"

"पाच-सात मिनिटं. डब्याला गंज होता, झाकण निघत नव्हतं."

"फोन आलेला तू पाहिलास?"

"नाही. काकू म्हणाल्या."

"मग फोनचं लिहायचं नाही."

त्यांनी अभ्रा काढला, घडी केली, मशीन सुरू केलं. मला खुर्चीत बसवलं आणि मी बोलत गेले तसं टाइप केलं: मंगळवार होता, मी मुलाखत घेत होते, मला आत बोलावलं, आम्ही स्टूल उचललं, माझा फोन बाहेर रेकॉर्ड करत राहिला, तेवढ्या वेळात बाहेर कोण काय बोललं ते मला सांगता येणार नाही. मी 'बहुधा' म्हटलं तर त्या थांबायच्या. 'बहुधा' गेलं की बोटं चालायची. मग त्यांनी ते मला वाचून दाखवलं. माझं बोलणं त्या सुरात ऐकताना ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं, तरी त्यात खोटं काही सापडेना. मी सही केली. त्यांनी तो कागद फाइलमध्ये ठेवला आणि कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून बसल्या.

"जेवणार ना आज?" नणंद म्हणाल्या. पुढेबाई हो म्हणाल्या.

मग त्यांनी चौदावं पान काढलं. पट्टी ठेवून त्या अकरा ओळींवर एकेक सरळ रेघ मारली आणि समासात आपली लहानशी सही केली. मी म्हटलं, बाई, सबंध पुस्तकात तेवढंच खरं आहे.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण ते तुला सांगितलेलं नाही."

रेघांखालून प्रत्येक शब्द वाचता येत होता. त्या कागदाचं मी काय करायचं, ते पान पुस्तकात धरायचं की गाळायचं, आणि खोलीत नसताना ऐकलेल्या गोष्टीला मुलाखत म्हणतात की आणखी काही, हे मला त्या दिवशी सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. पुढेबाईंनी हेडफोन कानाला लावले. आठव्या लेखिकेचं रेकॉर्डिंग मागायला त्यांनी हात पुढे केला.