लाल जीपची चार चाकं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघाल ना, ती नजर मी शेवगावच्या एका मांडवात तीनशे माणसांच्या डोळ्यांत एकदम बघितलेली आहे!

मी सुप्याच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. दिवसभर लोखंड कातायचं आणि घरी येऊन काय करायचं? तर गाड्या! खेळण्यातल्या म्हणू नका, राग येतो मला. वीतभर लांबीची गाडी, पण हुबेहूब. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची बॉडी, जुन्या चपलेच्या रबराचे टायर, त्यावर ब्लेडनं कोरलेली नक्षी. दुकानातली तयार चाकं मी लावत नाही. ती हातचीच पाहिजेत! आमची ही म्हणते, "ह्या माणसाला ताटात चपाती वाढली तरी आधी मधी भोक कुठं पाडायचं ते बघतो."

तर झालं काय, माझ्या ताईच्या मुलीचं, पूजाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा अमोल जीपचा वेडा. मी ठरवलं, जावयाला लाल जीप द्यायची. उघडी, पुढं जाळी, मागं स्टेपनी. चाकांच्या रिमा तेवढ्या फर्स्टक्लास हव्यात म्हणून आमच्या कंपनीतल्या, लेथवर माझ्याहून साफ हात असलेल्या सलीमभाईला सांगितलं, "ॲल्युमिनियमच्या चार रिंगा काढून दे. मागच्या दोन जरा रुंद."

दोन दिवसांनी सेकंड शिफ्ट करून आलो, तर टीव्हीशेजारी कागदाची पुडी. उघडली. आत चार रिंगा! पण काय सांगू, डोकंच फिरलं. चारही एका मापाच्या, काळपट, आणि प्रत्येक रिंगला एक चीर! बावीस वर्षं लेथवर काढलेला माणूस आणि असलं काम? सलीमभाईवर इतका चिडलो की आठवडाभर त्याच्याबरोबर चहाला गेलो नाही. तो बिचारा विचारतोय, "दत्तूभाऊ, काय झालं?" आणि मी आपला तोंड फिरवून उभा.

पण वेळ कुठं होता? चिरा कथलाची झाळ मारून बुजवल्या. पॉलिश पेपरनं घासल्या, तर अशा चकाकल्या, अशा चकाकल्या! म्हटलं, काम भिकार पण माल चांगला वापरलाय गड्यानं. वर टायर चढवले, आतून घट्ट चिकटवले. जीप अशी दिसायला लागली की मीच तिला दहा वेळा सलाम केला.

तुमच्या लक्षात आलं ना? आलंच असणार. माझ्या नाही आलं!

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड शेवगावला उतरलं. नाष्ट्याला सगळे बसले असताना मी जीप अमोलच्या हातात ठेवली. पोरगं हरखलं हो! बाशिंग बांधायचं सोडून चाकं फिरवत बसलं. "मामा, रिमा काय भारी बनवल्यात!" मी कॉलर ताठ केली.

इकडं नवरीच्या खोलीतून ताईचा निरोप आला, "दत्तूला पाठवा, जोडवी घालायचीत."

आमच्याकडे नवरीच्या पायात जोडवी मामा घालतो, आणि ती पडल्याशिवाय नवरी खोलीबाहेर येत नाही. त्यातून ही जोडवी साधी नव्हेत. माझी आई अहेवपणी गेली. तिची चांदीची चार जोडवी आमच्याकडे होती आणि नातीच्या लग्नात तीच घालायची असं तिनंच ताईला सांगून ठेवलं होतं. ताई सकाळपासून सगळ्यांना तेच सांगत होती आणि डोळे पुसत होती.

मी पाटासमोर बसलो. हिनं पर्समधून कागदाची पुडी काढून दिली. उघडली.

आत चार कोऱ्या करकरीत ॲल्युमिनियमच्या रिंगा. आणि एक चिठ्ठी. सलीमभाईचं अक्षर: 'पुढची दोन, मागची दोन. मागची रुंद.'

अहो, खोलीतला पंखा फिरत होता की मी, तेच कळेना!

"काय रे? घाल की," ताई पाठीमागून म्हणाली. तिला माझ्या हातातलं दिसत नव्हतं, एवढंच नशीब.

मी हिच्या कानात विचारलं, "ही पुडी कुठली?"

"कपाटातली. सलीमभाईंनी तुमच्यासाठी दिलेली मी टीव्हीशेजारी ठेवली हुती, जोडव्यांची कपाटात... दोन्ही पुड्या सारख्याच..." बोलता बोलता तिनं माझ्या तळहाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मग तिच्या तोंडून अगदी बारीक आवाज आला, "तुमी... जीपला?"

मी मान हलवली. पूजाला मात्र सगळं ऐकू गेलं होतं. ती शालूचा पदर तोंडात कोंबून हसायला लागली. ताईला वाटलं, पोरगी रडतीय. तीही रडायला लागली.

"लगवीला जाऊन आलो!" असं ओरडून मी पळालो. तीस वर्षांत एवढं पळालो नव्हतो.

अमोल मारुतीच्या पाराजवळ घोड्यावर बसायच्या तयारीत. जीप हातातच!

"जावईबापू, जीप द्या जरा. फिनिशिंग राहिलंय."

"आता? मामा, एक नंबर हाय की!"

"चाकं डगमगतात."

"न्हाई डगमगत. हे बघा," म्हणून त्यानं घोड्याच्या पाठीवरून चालवून दाखवली. घोडं बिथरलं, करवल्या किंचाळल्या. त्या गोंधळात मी जीप हिसकावली आणि सुटलो. मागून कुणीतरी म्हणालं, "मामा लई हौशी दिसतोय."

आचाऱ्याकडून पक्कड आणि सुरी घेतली. भाताच्या पातेल्यामागे बसून आईच्या जोडव्यांवरचे टायर उपटायला लागलो. पहिला निघाला. दुसरा निघाला. झाळ फोडून चिरा मोकळ्या केल्या. तिसरा निघाला. चौथा? काय चिकटवला होता हो मी! हलायला तयार नाही. चीर कशीबशी उघडली, पण टायर जागचा हलेना. बाहेर बँड दारात आला. गुरुजींचा आवाज, "मुहूर्त जवळ आलाय, मुलीला आणा!"

खोलीत परतलो. हिनं ताईला औक्षणाच्या ताटाच्या कामाला बाहेर धाडलं होतं. तीन जोडवी घातली. चौथं हातात धरून मी पूजाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही सांगत.

"पोरी, चुकलं गं माझं."

"मामा, आजीचंच हाय ना आत?"

"हाय. पण टायरसकट."

"मग घाला की! शालू लांब हाय माझा, कोन बघतंय?"

कोण बघतंय! अक्षता पडल्या, मी सुटकेचा श्वास टाकला, दोन जिलब्याही खाल्ल्या. आणि सप्तपदीला गुरुजी अमोलला म्हणाले, "आता खाली वाकून मुलीचा उजवा पाय धरा आणि तांदळाच्या राशीवर ठेवा."

हातातली तिसरी जिलबी मी परत ताटात ठेवली.

अमोल वाकला. पाय धरला. शालू बाजूला केला. आणि थांबला. जवळून बघितलं. बोटानं रबरावरची नक्षी चाचपली. आणि गुरुजींच्या हातातला माईक नेमका त्याच्या तोंडापाशी!

"मामा," तो सगळ्या स्पीकरमधून गरजला, "ह्यो माझ्या जीपचा टायर हाय!"

तीनशे माना माझ्याकडे वळल्या. ताई उठून उभी राहिली. "दत्तू, आईची जोडवी कुठायत?"

"टायरच्या आत हायेत, ताई."

आधी ताईच फिसकन हसली, हसता हसता खाली बसली, आणि मग मांडव असा उसळला की गुरुजींना पावलं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.

महिन्याभरानं मी पूजाच्या सासरी गेलो. "या या, टायरमामा!" म्हणून मोठं स्वागत झालं, चहा ठेवला. चहा यायच्या आधी मात्र विहीणबाई हसतमुखानं बाहेर आल्या, माझ्यासमोरच्या टेबलावरची चांदीची अत्तरदाणी उचलली आणि आत कपाटात नेऊन ठेवली.