वहिनींचं ‘राहू दे’

आमच्या शेजारच्या शिंप्याचं नाव मी ‘सरळटाका’ ठेवलंय. गिऱ्हाईक म्हणतं, “पँट धुऊन आटली हो,” तर हा म्हणणार, “पँट तेवढीच आहे. पोट सुटलंय.” तरी लोक येतात, कारण याची शिवण उसवत नाही.

घरात मात्र उसवत चाललं होतं. मध्ये त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, ताप भरला. यानं विचारलं, “घरी थांबू का?” वहिनी म्हणाल्या, “राहू दे.” आता बायकोच्या ‘राहू दे’चा अर्थ आमच्या मांजरालाही कळतो. हा सरळ दुकानात गेला! वहिनी दिवसभर भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होत्या. भिंत सामाईक, म्हणून मला माहीत. नाहीतर मी कशाला कान देतेय! तापातून उठल्यावर त्यांनी त्याला बजावलं, “तुमचं डोकं डॉक्टरांना दाखवा, नाहीतर मी चालले भावाकडे.”

डॉक्टरीणबाईंनी दोन-तीनदा बोलावलं, पार लहानपणापासूनचं खोदून विचारलं आणि सांगितलं, हा ऑटिझम. जन्मापासूनचाच, कळला पन्नाशीत. सरळटाक्याचा चेहरा कधी नव्हे तो खुलला. दुकानात येईल त्याला सांगू लागला, “मी बिघडलेलो नाही. मला बेतलंयच वेगळं.”

वहिनी फणकारल्या. “नाव मिळालं, झाली यांची सुटका! माझ्या तापाचं काय?” बॅग दारात आली. मी नेमकी तेव्हाच साखर मागायला गेले. घरी डबा भरलेला होता, ते सोडा.

“तू राहू दे म्हणालीस,” तो म्हणाला. “मी ऐकलं. तुझा शब्द मी कधी मोडला नाही.”

वहिनींना वाढदिवस, सिनेमा, माहेरी न्यायला येणं, सगळी ‘राहू दे’ एकदम आठवली असणार.

“मग चालले म्हणाले, तेव्हा अडवलं का नाहीत?”

“ते तू सांगितलंस. विचारलं नव्हतंस.”

“बरं बाई, विचारते. जाऊ?”

“नको. तू नसलीस तर मला या घरात बसवणार नाही.”

वहिनींनी पायानंच बॅग आत ढकलली. खुर्चीत बसल्या. “डोकं दुखतंय माझं. दाबून द्या.”

“किती जोरात?”

“हळू.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि ताई, तुम्ही आता घरी जा.”