फलाटाच्या जागेवरची गूजबेरी

आमचा सिरिल गेला त्या दिवशी आमचा जुना शेजारी वॉल्ट वेल्सहून कचऱ्याचा डबा घेऊन आला.

डबा म्हणजे जुना पत्र्याचा, दोन कान असलेला, आणि त्यात गूजबेरीचं झुडूप. पुतण्याच्या व्हॅनमध्ये दोन्ही बाजूंनी उशा लावून आणलेलं. मी दार उघडलं तर म्हणतो, "डोरीन, बाजूला हो, फांदी मोडेल." कशी आहेस नाही, काही नाही.

सिरिल माझा थोरला भाऊ. त्याने लग्न केलं नाही, आणि माझा नवरा वारल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात. तो मागे परसात खुर्ची टाकून बसला होता. मोठी काळी छत्री बेरीवर, स्वतः उन्हात. दुसऱ्या दिवशी प्लाऊ पबमध्ये आमच्या गल्लीचं गूजबेरीचं प्रदर्शन होतं ना. दुकानातली गूजबेरी आवळ्याएवढी असते. आमच्याकडे कोंबडीच्या अंड्याच्या आसपास गेली तरच लोक मान वळवून बघतात. सगळ्यात जड बेरीला कप, बस. आणि आदल्या दिवशी तोडायची ती दोन साक्षीदारांसमोर, नाहीतर कोण कुठून आणेल सांगता येत नाही.

"हे काय?" सिरिल म्हणाला. "वेल्समध्ये कचरा उचलत नाहीत का?"

"तिथं साक्षीदार कुणाला करू? शेजारीण विचारते, टोमॅटो आहे का. म्हणून झाडच आणलं."

"बेरी कुठंय पण?"

"चष्मा लाव म्हाताऱ्या. ती बघ, तुझ्यापेक्षा..."

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. दोघं तोंड उघडं ठेवून थांबले. इथं सगळेच थांबतात. विमान गेलं तसा वॉल्ट पुढे म्हणाला, "...जड आहे."

मी चहा करायला आत गेले. ट्रे घेऊन आले तर वॉल्ट एकटाच बोलतोय. मला म्हणाला, "अगं रुसलाय तो. माझी जड म्हटलं तेव्हापासून तोंड उघडत नाहीये."

मी सिरिलकडे बघितलं आणि ट्रे खाली गवतावर ठेवला. छत्री तशीच बेरीवर होती. दुपारी डुलकी लागते म्हणून दांडा त्याने खुर्चीच्या हाताला बांधून ठेवला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या हृदय, कळलंसुद्धा नसेल. ऐंशी उलटलेली, आणखी काय पाहिजे, असं सगळे म्हणतात. मी म्हणते चहा तरी पिऊन जायचं होतं.

आता वॉल्ट वेल्सला कसा गेला ते सांगायला पाहिजे.

आमचं हॅसल एंड म्हणजे मँचेस्टर विमानतळाच्या कुंपणाला टेकलेली एक गल्ली. लंडनहून सुसाट गाडी येणार होती आणि विमानतळाचं स्टेशन नेमकं आमच्या गल्लीत. रेल्वेचा एक माणूस नकाशा घेऊन आला, चांगला होता बिचारा. नकाशाची घडी सारखी वळत होती म्हणून मी चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले.

सिरिलने विचारलं, "आमचं घर कुठंय यात?"

"हे इथं. फलाट."

"आणि माझी झुडपं?"

"तीपण फलाटच. म्हणजे, फलाटाचं टोक."

"आणि संडास?"

तो माणूस कानापर्यंत लाल झाला. "प्रतीक्षालय. पहिल्या वर्गाचं."

मला हसू आवरेना. म्हटलं, "सिरिल, जन्मात एकदा तरी पहिल्या वर्गात बसशील."

तो नाही हसला. म्हणाला, "फलाट सरकवा तिकडे. या मातीत माझ्या बापाने घोड्याचं शेण घातलंय, त्याच्यामागे मी घातलं. ही माती कुठं उचलून नेऊ?"

भाव चांगला मिळत होता, लोक एकेक करून विकून गेले. मला पण समुद्राजवळ बसकं घर हवं होतं, जिने नकोत आणि विमानं नकोत. पण घर सिरिलच्या नावावर, आणि सिरिल म्हणजे खुंटा. बाकीचे गेले त्याचं त्याला काही नाही वाटलं. वॉल्टने विकलं तेव्हा मात्र तो जेवला नाही. दोघं तरणे असल्यापासून एक वर्ष कप ह्याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. वॉल्टचं सामान निघालं तेव्हा हा पाठ करून झुडपांना पाणी घालत बसला. वॉल्ट कुंपणावरून ओरडला, "बुलडोझर आला की त्यालापण घाल रे पाणी!" ह्याने वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग प्रदर्शनात हा एकटाच. प्लाऊची मालकीण मॉइरा ह्याची बेरी तराजूत टाकायची, दुसरं पारडं वजनांचं, आणि हा स्वतःच कप उचलायचा. मॉइरा टाळ्या वाजवायची. एकटाच धावला आणि पहिला आला.

आणि मग एका दिवशी टीव्हीवर सांगितलं, गाडी इकडे येणारच नाही. स्टेशन रद्द. मी किंचाळलेच. प्लाऊमधले लोक बिअर घेऊन आले, सिरिलच्या पाठीवर थापा मारून मारून त्याचा शर्ट वर सरकला. "तू एकटा टिकलास बघ! हरवलंस लेका त्यांना!" आणि हा शर्ट खाली ओढत बसला. सगळे गेल्यावर म्हटलं, "आता काय झालं? जिंकलास ना?"

"कुणाला हरवलं मी, डोरीन? गाडीला? गाडी गूजबेरी लावते का?"

खरंच होतं ते. घरं वाचली पण माणसं कुठं परत मिळतात? तिथं आता विमानतळावर काम करणारी भाडेकरू पोरं. चांगली आहेत, पण रात्रपाळी करून दिवसा झोपतात, झुडूप कोण लावणार?

त्या हिवाळ्यात सिरिलने एक तयार झुडूप मुळांसकट उपटलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि बस धरून वेल्सला गेला. इतक्या वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. वॉल्टने दार उघडलं. अंगणभर सिमेंट.

"हे लाव," सिरिल म्हणाला. "तुला हरवायचंय मला."

"जागा कुठंय?"

"कचऱ्याचा डबा आहे ना?"

मग दर रविवारी फोन. "पानं पिवळी पडलीत." "मालकावर गेलीत." असं तासभर. मी म्हणायचे, बिल काय मी भरू?

एवढंच हवं होतं त्याला. तराजूच्या दोन्ही पारड्यांत बेरी. आणि तो एक दिवस आधी गेला.

संध्याकाळी त्याला नेल्यावर वॉल्ट डब्याचे कान धरून उभा राहिला. "मी जातो, डोरीन. आता कसलं प्रदर्शन."

"खाली ठेव तो डबा," मी म्हटलं. "मॉइराला बोलव. दोन्ही तोडायच्या."

स्वतःची त्याने नीट तोडली. सिरिलच्या झाडापाशी गेला तर छत्रीची दोरीच सोडवत बसला. शेवटी मी तोडली. सिरिलने मला त्या झाडाच्या जवळ कधी फिरकू दिलं नव्हतं, मी कपडे वाळत घालताना पाय आपटते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला आलेले लोक हातातले खाण्याचे डबे घेऊनच प्लाऊमध्ये शिरले. दोन भाडेकरू पोरंपण आली, डोळे चोळत. मॉइराने एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरी ठेवली. काटा हलला, थांबला, परत हलला. वॉल्टचं पारडं खाली गेलं. जरासंच, पण गेलं. कुणी टाळी वाजवली नाही.

मी म्हटलं, "लाज नाही वाटत, वॉल्ट? मेलेल्या माणसाला हरवतोस?"

"मुद्दाम हरलो असतो तर उठून शिव्या घातल्या असत्या त्याने."

सगळे हसले. मीपण हसले, आणि हसता हसता नाक पुसायला रुमाल शोधायला लागले.

लोक पांगल्यावर आम्ही दोघं उरलो, समोर बशीत दोन बेऱ्या. इतक्या वर्षांत प्रदर्शनातली बेरी कुणी खाल्ली नव्हती, वजन झालं की ती खतात जायची. वॉल्टने खिशातला चाकू काढला आणि दोन्ही चिरल्या. आम्ही खाल्ल्या. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

"चवच नाही गं."

"नुसतं पाणी," मी म्हटलं. "तुझी जास्त पाणचट आहे."

"माझी? सिरिलची खाऊन बघ. भिजवलेला पुठ्ठा."

"काही नाही, त्याची आंबट तरी आहे."

"आंबट? जीभ तपासून घे!"

मी सिरिलची दुसरी फोड तोंडात टाकली, खात्री करायला. वॉल्टने त्याची टाकली. मॉइराने साखरेचं भांडं आणून आमच्या मधे ठेवलं.